घरच्या इंकजेटवर पीसीबी: इस्त्रीच्या नादाला न लागता

मागच्या उन्हाळ्यात तात्याच्या शेतातल्या टाकीसाठी एक साधं सर्किट करायचं होतं. टाकी भरली की बझर वाजावा, रिकामी झाली की दिवा लागावा, बस. आधी ठिपक्या-ठिपक्याच्या जनरल बोर्डावर वायरी जोडून एक केलं होतं पण पावसाळ्यात त्यात मुंगळे शिरले, दोन वायरी तुटल्या आणि तात्या म्हणले, "तुझ्या डिप्लोम्याचा उपयोग काय रे मग?" बाहेरून पीसीबी (तांब्याच्या रेघांचा सर्किट बोर्ड) करून मागवायची तर कमीत कमी पाच नग घ्या, कुरिअरचे द्या, आठवडाभर वाट बघा आणि हातात आल्यावर कळतं की ट्रान्झिस्टरचे पाय आपणच उलटे काढलेत. म्हणून म्हणलं घरीच करू, प्रिंटर तर आहेच.

त्यात अख्खा उन्हाळा गेला. आता परभणीतले आणि आसपासचे पोरं विचारायलेत की कसं केलं, सगळ्यांना फोनवर सांगून तोंड दुखायलं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. सिंगल साइड (एकाच बाजूला तांबं) बोर्डाचंच सांगतोय, पहिल्या दहा बोर्डांना डबल साइडची गरज पडत नाही.

० . आधी हे वाचा, नाहीतर माझ्यासारखं होईल

व्हिडिओत दाखवतात ना, ग्लॉसी पेपरवर प्रिंट काढायची, तांब्यावर उलटी ठेवायची आणि वरून इस्त्री फिरवायची? ते लेझर प्रिंटरचं काम आहे. लेझरच्या आणि झेरॉक्सच्या टोनरमध्ये प्लास्टिकची पावडर असते, ती गरम झाली की वितळून तांब्याला चिकटते. इंकजेटची शाई म्हणजे पाण्यात कालवलेला रंग, तिच्यात वितळण्यासारखं काही नसतंच. मी पंधरा ग्लॉसी कागद आणि आईची एक इस्त्री वाया घालवल्यावर हे मला कळलं, व्हिडिओवाला "प्रिंटर" एवढंच म्हणतो, कोणता ते सांगत नाही.

प्रिंटर फोडून त्यातून थेट तांब्याची प्लेट पास करणारे लोक पण आहेत, पिगमेंट (बारीक भुकटीच्या रंगाची) शाई भरून, नंतर ती भाजून पक्की करून. होतं ते, पण प्रिंटर कायमचा गेला समजा. घरात एकच प्रिंटर असेल आणि त्यावर बहिणीचे प्रोजेक्ट निघत असतील तर विसरून जा.

इंकजेटला जमणारा रस्ता तिसरा आहे. पारदर्शक फिल्मवर डिझाइन छापायचं, तांब्यावर प्रकाशाला घट्ट होणारी ड्राय फिल्म चिकटवायची, आणि छापलेली फिल्म वर ठेवून यूव्ही (अतिनील) लाइट द्यायचा. जिथं प्रकाश पडला तिथली ड्राय फिल्म पक्की होते, बाकीची सोड्याच्या पाण्यात धुऊन जाते. मग उघडं पडलेलं तांबं फेरिक क्लोराइड खातं, याला एचिंग म्हणतात, आणि पक्क्या फिल्मखाली वाचलेलं तांबं म्हणजे ट्रॅक, बोर्डावरच्या वायरी. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले पडदा असाच उजेड देऊन तयार करतात, तुमच्या गावात असा कोणी जुना माणूस असेल तर त्याच्याकडं एक तास बसा, मला अर्धी अक्कल तिथंच मिळाली.

१. सामान

- कॉपर क्लॅड बोर्ड (तांब्याचा थर चिकटवलेला), १.६ मिमी जाडीचा. ग्लास इपॉक्सीचा घेतला तर टिकाऊ, तपकिरी बेकेलाइटवाला स्वस्त आणि छिद्रं पाडायला सोपा. शिकायला तपकिरी बरा.
- निगेटिव्ह ड्राय फिल्म, निळ्या रंगाची, गुंडाळीत मिळते
- इंकजेटची पारदर्शक फिल्म (खाली सविस्तर)
- यूव्ही लॅम्प. नखांच्या जेलचा ब्यूटी पार्लरवाला लॅम्प चालतो, ३६ वॉटचा
- फोटो फ्रेमची साधी काच
- धुण्याचा सोडा आणि थोडा कॉस्टिक सोडा
- फेरिक क्लोराइड
- प्लास्टिकचे तीन ट्रे किंवा जुने डबे, हातमोजे, चष्मा
- छोटं ड्रिल, ०.८ आणि १ मिमीचे बिट
- मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान
- जारचं पाणी, हो, पिण्याचं

ड्राय फिल्म आपल्याकडं दुकानात मिळत नाही, ऑनलाइनच. बाकीचं पुण्याला कोणी जाणारं असेल तर बुधवार पेठेतून आणायला सांगा, एका चकरेत सगळं होतं.

ड्राय फिल्म उन्हाळ्यात मागवू नका. मी एप्रिलमध्ये मागवली, ४२ डिग्रीत चार दिवस गाडीत फिरून आली आणि आतल्या आत चिकटून बसली होती, सोलायला गेलं की निळा थर दोन्हीकडं अर्धा-अर्धा निघायचा. पावसाळा संपल्यावर मागवा, काळ्या पिशवीत गुंडाळून, तोंड नीट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी अर्धा-एक तास बंद पिशवीतच बाहेर काढून ठेवा नाहीतर दव धरतं. आणि घरच्यांना सांगून ठेवा ते काय आहे, आमच्या आजीनं भाजीसोबत ओट्यावर उजेडात काढून ठेवली होती.

२. डिझाइन

कीकॅड (बोर्डाचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, त्यातच करा. इथं लांब सांगत नाही, फक्त घरच्या बोर्डाला लागणारे आकडे: ट्रॅक ०.८ मिमी ठेवा, अगदीच अडलं तर ०.५. दोन ट्रॅकमध्ये निदान ०.५ मिमी जागा. पॅड (पार्टचा पाय जिथं सोल्डर होतो ती टिकली) २ मिमीचे, म्हणजे छिद्र थोडं हललं तरी तांबं शिल्लक राहतं. रिकाम्या जागेत ग्राउंडचं (सप्लायच्या मायनसचं) तांबं भरून टाका, जेवढं तांबं ठेवाल तेवढं फेरिक वाचतं.

कोपऱ्यात तांब्याच्या थरावर दोन-चार अक्षरं लिहा, नाव लिहा, तारीख लिहा, काहीही. याचा उपयोग पुढं आहे.

पहिला बोर्ड १२ व्होल्टच्या खालचाच करा. मोटारीच्या स्टार्टरला जोडायचा मोह सगळ्यांना होतो, मला पण झाला. थ्री फेज स्टार्टरच्या कॉइलला बऱ्याचदा ४१५ व्होल्ट असतात आणि आपण लावतो ती छोटी निळी रिले (विजेवर चालणारा स्विच) २५० व्होल्टची असते. घरच्या बोर्डावर ट्रॅक झाकणारा हिरवा मास्क नसतो, पावसाळ्यात ओल आली की काय होईल ते तुम्हीच बघा. तात्याचा बोर्ड अजूनही फक्त बझर वाजवतो, मोटार बंद करायला माणूस जातो.

३. फिल्मवर प्रिंट

सगळ्यात जास्त गडबड इथं होते म्हणून जरा थांबून सांगतो.

फिल्म कोणती: झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी साधी ओएचपी फिल्म इंकजेटला चालत नाही, तिच्यावर शाईचे मणी होतात आणि हात लागला की पुसतात. इंकजेटची फिल्म वेगळी, तिच्या एका बाजूला शाई धरणारा थर असतो. ओलं बोट लावून बघा, जी बाजू किंचित चिकटते तिच्यावर छापायचं. उलट, ही फिल्म लेझरमध्ये घालू नका, आत वितळून बसली तर प्रिंटरवाला शिव्या देईल.

निगेटिव्ह: आपली ड्राय फिल्म निगेटिव्ह आहे, म्हणजे ट्रॅक पारदर्शक पाहिजेत आणि बाकी सगळं काळं. कीकॅडमध्ये प्लॉट करताना निगेटिव्हचा ऑप्शन आहे, पीडीएफ काढा. मी पहिल्यांदा सरळच छापलं होतं. एचिंग झाल्यावर बोर्डावर ट्रॅकच्या जागी खाचा आणि बाकी सगळं तांबं, बघत बसलो नुसतं.

मिरर: सरळ नियम सांगतो, शाईची बाजू तांब्याला टेकली पाहिजे. शाई वर राहिली तर मधल्या फिल्मच्या जाडीतून प्रकाश तिरपा घुसतो आणि बारीक ट्रॅकच्या कडा फुगतात. खालच्या थराचं, म्हणजे बी.सीयूचं डिझाइन कीकॅड वरून आरपार बघितल्यासारखं दाखवतं, त्यामुळं ते मिरर न करता छापायचं आणि उलटं करून बोर्डावर ठेवायचं. गोंधळ झाला तर ती कोपऱ्यातली अक्षरं बघा, फिल्म शाई खाली करून बोर्डावर ठेवली की अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत. आली तर पुढं जा, नाही आली तर उजेड देऊ नका.

साइज: प्रिंट १०० टक्क्यांवरच. "फिट टू पेज" वर टिक असेल तर सगळं दोन-चार टक्के लहान होतं, डोळ्याला कळत नाही पण ४० पायांची आयसी (चिप) बसत नाही. आधी साध्या कागदावर काढा आणि आयसी त्याच्यावर टोचून बघा. आयसीच्या पायांमधलं अंतर २.५४ मिमी असतं, दहा पायांनंतर फरक लगेच उघडा पडतो.

शाई किती काळी: बऱ्याच टँकवाल्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाई डायची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) असते. पेपर टाइपमध्ये "प्लेन" निवडलं तर काळी वापरतो, "फोटो ग्लॉसी" निवडलं तर बहुतेक रंगीत शाया मिसळून काळा करतो. कोणता चांगला हे प्रिंटरवर आहे, म्हणून एकाच फिल्मच्या तुकड्यावर दोन्ही सेटिंगचे छोटे चौकोन छापा, क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा. माझ्याकडं मिसळलेला काळा जिंकला, कारण त्यात पिवळी शाई असते आणि पिवळा रंग यूव्ही चांगला अडवतो. डोळ्याला काळंकुट्ट दिसतं म्हणजे यूव्हीला पण अडवेलच असं नाही, हे त्या पत्रिकेवाल्या काकांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. शंका असेल तर दोन प्रिंट काढून एकावर एक नीट जुळवा आणि कडेला सेलोटेप लावा, काम दुप्पट पक्कं.

वाळवणं: निदान तासभर. आणि कूलर बंद करा! कूलरच्या दमट हवेत ती फिल्म वाळतच नाही, चिकट राहते, वर धूळ बसते ती वेगळी. उन्हाळ्यात कूलर बंद करून बसायचं म्हणजे शिक्षाच आहे, म्हणून रात्री छापून पंख्याखाली ठेवून झोपा.

४. तांबं साफ करणं आणि ड्राय फिल्म बसवणं

बोर्ड ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं किंवा भांड्याच्या हिरव्या घासणीनं गोल-गोल घासा, मग भांड्याच्या साबणानं धुवा. पाणी ओतल्यावर ते सगळ्या तांब्यावर एकसारखं पसरलं पाहिजे. कुठं थेंब होऊन पळत असेल तर तिथं अजून तेल आहे. यानंतर बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं.

इथून पुढं खोलीत पिवळा किंवा लाल झिरो बल्ब. रात्री काम करा म्हणजे पडदे लावायची भानगड नाही.

ड्राय फिल्मला दोन्ही बाजूंनी संरक्षक प्लास्टिक असतं. कोपऱ्यावर दोन्हीकडून सेलोटेपचे तुकडे लावून ओढा, आतल्या बाजूचा मऊ पापुद्रा निघतो. बोर्डावर पाण्याचा हलका फवारा मारा, फिल्मची उघडी बाजू तांब्यावर टेकवा आणि जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेकडं पाणी आणि हवा ढकला. मग कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवा (आली बघा इस्त्री शेवटी). वाफेची नको. ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडं आयकार्ड लॅमिनेशनचं मशीन असेल तर तीन-चार वेळा त्यातून काढलं की झकास बसतं, पण १.६ मिमीचा बोर्ड सगळ्या मशीनमधून जात नाही, आधी विचारा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जास्त वेळ थांबू नका, कागदात गुंडाळून न्या.

बुडबुडा राहिला तर सुईनं टोचून पुन्हा दाबा. मोठा राहिला तर खरवडून परत सुरुवात करा, तिथं ट्रॅक तुटणार हे नक्की.

५. उजेड दाखवणं

बोर्ड, त्यावर छापलेली फिल्म शाई खाली करून, त्यावर काच, काचेच्या कडांना क्लिपा. मधे हवा राहायला नको.

किती सेकंद? हे कोणालाच विचारू नका, मला पण नाही. लॅम्प वेगळा, फिल्म वेगळी, शाई वेगळी. त्यापेक्षा ड्राय फिल्म लावलेली एक पट्टी घ्या, त्यावर तुमच्या छापलेल्या फिल्मचा एक तुकडा ठेवा आणि पुठ्ठ्यानं झाकून दर १५ सेकंदाला पुठ्ठा एक बोट मागं सरकवा. १५, ३०, ४५ असं दोन मिनिटांपर्यंत. मग पुढच्या पायरीप्रमाणं धुवा. जिथं ट्रॅक पक्के राहिले आणि काळ्याखालचा भाग पूर्ण निघून गेला तो तुमचा आकडा. प्रिंटरच्या बुडाला मार्करनं लिहून ठेवा.

जिथं ट्रॅक पण वाहून गेले तिथं वेळ कमी पडली. काळ्याखालची फिल्म पण धुतली जात नाही, तिथं वेळ जास्त झाली किंवा शाई पातळ आहे. नव्वद टक्के बिघाड या दोन वाक्यांत येतात, पण लोक पट्टी न करता डायरेक्ट बोर्ड करतात आणि मग फिल्म खराब आली म्हणतात.

ऊन पण चालतं, आणि आपल्याकडं त्याची कमी नाही. मे महिन्यात दुपारी माझी फिल्म अर्ध्या मिनिटाच्या आतच पक्की झाली. पण ढगाची एक चादर आली की हिशोब बदलतो आणि तापलेल्या काचेखाली फिल्म मऊ पडते, त्यामुळं उन्हाचा वापर करायचा तर सावलीत सगळं जुळवा, झाकून बाहेर न्या, सेकंद मोजा, झाकून आत या.

लॅम्प चालू असताना लाइट गेली तर घाबरू नका, काहीही हलवू नका, किती सेकंद झाले ते आठवा आणि लाइट आल्यावर उरलेले द्या. दोनदा केलंय, बोर्ड चांगले निघाले. लॅम्पकडं बघत बसू नका, डोळ्यांना वाईट.

उजेड दिलेला भाग गडद निळा दिसायला लागतो. धुवायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं अंधारात ठेवा.

६. धुणं, म्हणजे डेव्हलप करणं

माझा उन्हाळा इथंच गेला.

एक लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा नाही, धुण्याचा. किराणावाल्याला नीट सांगा, माझ्या एका मित्रानं भज्याचा सोडा घालून तासभर ब्रश मारला.

तर मी सोडा बोरच्या पाण्यात कालवत होतो. पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं, मला वाटायचं सोडा चांगला विरघळला. आमच्या बोरचं पाणी इतकं जड आहे की गिझरची कॉइल वर्षभर टिकत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम सोड्याला धरून पांढरा गाळ होऊन बसतं आणि फिल्म धुवायला सोडा कमी पडतो. फिल्म अर्धवट धुतली जायची, मी समजायचो वेळ जास्त झाली, उजेड कमी करायचो, मग ट्रॅक निघून यायचे. असे नऊ बोर्ड. एक दिवस नळ आले नव्हते, बोर बंद होता, म्हणून पिण्याच्या जारचं पाणी घेतलं आणि दोन मिनिटांत बोर्ड असा स्वच्छ निघाला की आईला उठवून दाखवला.

म्हणून सोडा जारच्या पाण्यात. पण डेव्हलप झाल्यावर बोर्ड खळखळून धुवायचा तो मात्र बोरच्याच पाण्यात! जड पाण्यानं सोड्याचं काम तिथल्या तिथं थांबतं आणि ट्रॅकच्या कडा चांगल्या राहतात, मोठ्या कारखान्यांत पण धुवायला मुद्दाम जड पाणी वापरतात. आपल्याकडं ते फुकट आहे.

पाणी कोमट, ३० डिग्रीच्या आसपास. उन्हाळ्यात काही करायला नको, थंडीत थोडं गरम करा. आणि धुवायच्या आधी ड्राय फिल्मवरचा दुसरा, वरचा पापुद्रा काढा. पापुद्रा तसाच ठेवून सोड्याला नावं ठेवणारे खूप आहेत. बोर्ड बुडवून चित्रकलेच्या मऊ ब्रशनं हळू फिरवा, टूथब्रश नको. एक ते तीन मिनिटांत तांबं उघडं दिसतं. धुऊन झाल्यावर पाच मिनिटं उन्हात ठेवा, राहिलेले ट्रॅक अजून कडक होतात. तुटलेला ट्रॅक दिसला तर परमनंट मार्करनं जोडून घ्या.

७. एचिंग

फेरिकचे खडे पाण्यात थोडे-थोडे टाका, एकदम नाही, पाणी चांगलंच तापतं. पाव किलोला अर्धा लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचंच, ॲल्युमिनियमचं अजिबात नाही, फेरिक त्याला खाऊन टाकतं आणि उकळी फुटल्यासारखं होतं. जुने कपडे घाला, हे डाग जात नाहीत. फरशीचे तर नाहीतच, घरमालक असेल तर गच्चीवर करा.

डबा हलवत राहा. गरम दिवसात १०-१५ मिनिटं, थंडीत दुप्पट. कडेचं तांबं आधी जातं, मधलं शेवटी. सगळं गेलं की लगेच काढा, अजून दोन मिनिटं म्हणत बसलात तर ट्रॅकच्या खालून खायला लागतं.

मीठाचं ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवाली पद्धत पण आहे, लवकर होते, पण तिच्या वाफेनं खोलीतला पाना-पक्कड सगळा गंजतो. मी करत नाही.

वापरलेलं फेरिक नालीत, शेतात, विहिरीजवळ ओतू नका, त्यात तांबं असतं, मासे मारतं आणि जमीन पण खराब करतं. मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा हळूहळू घाला, फेस येईल, फेस येणं बंद झालं की गाळ बसू द्या, वाळवा आणि तो गाळ थोड्या सिमेंटमध्ये कालवून गोळा करून टाका. पण लगेच टाकायची घाई पण करू नका, एक डबा फेरिक बरेच बोर्ड काढतं, हिरवट पडून फार हळू चालायला लागलं की मगच.

८. ड्राय फिल्म काढणं, छिद्रं, सोल्डरिंग

एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉस्टिक. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. चष्मा आणि मोजे घालूनच, हे कातडी आणि डोळे खातं. निळी फिल्म दोन-तीन मिनिटांत सालीसारखी सुटते.

छिद्रं ०.८ मिमीची, ४००७ डायोड आणि कनेक्टरला १ मिमी. इपॉक्सी बोर्डाची धूळ म्हणजे काचेची धूळ, तोंडाला रुमाल बांधा.

सोल्डरिंगला राळवालाच फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो). पत्र्याच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट वापरली तर सहा महिन्यांत ट्रॅक हिरवे पडतात. आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासा, केसाएवढा तांब्याचा धागा राहिला असेल तर कटरनं कापा. मग पार्ट, मग परत बीप, मग सप्लाय.

शेतात लावणार असाल तर सोल्डर झाल्यावर वरून क्लिअर लॅकरचा हात मारा आणि डब्याची वायरीची भोकं सिलिकॉननं बुजवा. तात्याच्या डब्यात मुंगळ्यांचा बंदोबस्त झाला, आता पाली झोपायलेत. खालच्या बाजूला एक भोक राहिलं होतं, ते या रविवारी बुजवतो.